बाराची पाहणी, चारचं मैदान

सुकती क्लबावर अन्याय झाला तो माघी पौर्णिमेला, दुपारी बारा वाजून दहा मिनिटांनी. वेळ मला तोंडपाठ आहे, कारण ती सरकारी कागदावरच लिहिलेली आहे. त्या दिवशी अलिबागच्या सरकारी कार्यालयातले एक साहेब एका कंपनीच्या लाँचमधून रेवदंड्याच्या खाडीत आले. सांदेवाडी या कोळीवाड्याच्या काठाशी लाँच थांबली. साहेबांनी समोर पाणी बघितलं आणि लाँचमधून न उतरताच लिहिलं : 'सदर ठिकाणी मैदान आढळून आले नाही. जागा पाण्याखाली आहे.' खाली सही, शेजारी वेळ. मग शहाळं प्यायले आणि परत गेले.

एवढ्या दोन ओळींत फुटबॉलचं एक अख्खं मैदान, त्याचं दगडी स्टेडियम आणि तीन पिढ्यांचा पगारी क्लब बुडाला. त्या जागेवर कंपनीला स्पीडबोटींसाठी धक्का बांधायचा आहे. पाण्याखालच्या जागेवर धक्का बांधायला कोणाची हरकत असणार?

माझी होती. अकोल्यातले तुम्ही मला ओळखता. आपल्या वॉर्डातल्या मैदानावर मंडपवाल्याचे बांबू कायमचे येऊन पडले, तेव्हा दारोदार पत्रकं टाकत फिरणारी ती मीच. त्या पत्रकांपैकी एक कसं कोण जाणे सांदेवाडीला पोचलं, आणि तिथल्या अब्बास मास्तरांनी आम्हाला पत्र लिहिलं. सोबत त्या दोन ओळींच्या कागदाची प्रत. मी ती वाचली आणि अर्ध्या तासात फेरपाहणीचा अर्ज लिहून पाठवला. भाषा आपली नेहमीची. पाहणी 'कंपनीच्या लाँचमधून नव्हे, लोकांच्या रस्त्याने' व्हावी. 'भर दुपारी बारा वाजता, सर्वांच्या डोळ्यांदेखत' व्हावी. दिवस बुधवारचा टाकला, कारण त्या आठवड्यात मला रजा मिळत होती. मास्तरांना काही विचारलं नाही. अन्याय दिसल्यावर विचारत बसायची माझी सवय नाही.

आणि अर्ज मंजूर झाला. जशाच्या तसा, माझ्याच शब्दांत. मंजुरीचं पत्र मी फोनवर पाठवलं नाही. ते मला मास्तरांच्या हातात द्यायचं होतं.

सोमवारी सकाळी भाऊच्या धक्क्यावरून बोट धरली. समुद्र मी यापूर्वी फक्त शाळेच्या सहलीत पाहिला होता, तोही बसच्या खिडकीतून. मांडव्याला उतरले तेव्हा पोटात अजून लाटा चालू होत्या. अलिबागच्या बसमध्ये शेजारच्या बाईंनी विचारलं, "बंगला बघायला चाललात?" मी म्हटलं, "नाही, मैदान बघायला." त्यांनी माझ्याकडे जरा काळजीनं बघितलं. अलिबागपर्यंत दोन्ही बाजूंना कुंपणंच कुंपणं. एका फाटकावर 'समुद्र दर्शन' लिहिलेलं आणि त्यामागे दहा फुटी भिंत. अलिबागला वडापाव खाल्ला आणि रेवदंड्याची रिक्षा केली. पुढचा रस्ता खारबंदिस्तीवरून (खारं पाणी शेतात शिरू नये म्हणून घातलेल्या बांधावरून) जातो. मध्ये एके ठिकाणी तो इतका खाली उतरतो की रिक्षावाल्यानं गिअर बदलला.

"इथं रस्ता खचलाय का?" मी विचारलं.

"खचला न्हाय, असाच हाय," तो म्हणाला. "पान्याला बी जावाला यावाला वाट नको?"

मी वहीत लिहून घेतलं : रस्त्याची दुरवस्था, निवेदन द्यावे.

सांदेवाडीत पोचले तेव्हा चार वाजत आले होते. शेवटचं घर ओलांडलं आणि समोर मैदान. मला वाटलं होतं, असेल काहीतरी दलदल, वर दोन बांबू. पण खाडीच्या तोंडाशी राखाडी वाळूची एक सपाट पुळण पसरली होती. इतकी घट्ट, की तिच्यावर बैलगाडीचं चाकसुद्धा रुतलं नसतं. तिच्या काठाला जांभ्या दगडाच्या सात रुंद पायऱ्या, या टोकापासून त्या टोकापर्यंत. हेच स्टेडियम. वरच्या पायऱ्यांवर बोंबील वाळत होते, खालच्या पायऱ्यांवर शेवाळ होतं. वाळूत गोलच्या खांबांसाठी सागाचे जाड खुंट पुरलेले, आणि बरोबर मध्ये आणखी एक खुंट, गुडघ्याएवढा. कोणाला हे मैदान दिसलं नाही म्हणजे त्यानं डोळे मिटूनच पाहणी केली असणार, असं मला वाटलं. पुढच्या पत्रकाचं पहिलं वाक्य मिळालं म्हणून आनंदही झाला.

बोंबील उलटणाऱ्या एका बाईनं मान वर केली. साठीच्या पुढची, काष्टा, दंडावर गोंदण. ही काशीबाय, क्लबची अध्यक्ष. तिच्या सासऱ्यानं यातल्या पहिल्या तीन पायऱ्या बांधल्या.

"कुठली गो तू?"

"अकोल्याची."

"ते कुठं आलं?"

"विदर्भात. समुद्रापासून फार लांब."

"दिसतंय. बूट काढ आदी. मैदानावर बुटानं खेलनारेच जातात, बाकी सगली अनवानी."

मी बूट काढले. वाळू गार होती आणि तिच्यावर लाटांच्या रेघा होत्या. तेवढ्यात अब्बास मास्तर आले. शाळेतून निवृत्त झालेले, गळ्यात शिटी. क्लबचे सेक्रेटरीही तेच आणि रेफरीही तेच. चहा झाला, आणि मग त्यांनी मला क्लब समजावून सांगितला. तो तुम्हालाही सांगते, कारण कार्यालयाच्या कागदात 'गावातील मुले कधीमधी खेळतात' असं लिहिलेलं आहे.

इथं खेळाडूंना पगार आहे. दर हंगामात वाडीची प्रत्येक होडी आपल्या मासळीतला एक हिस्सा क्लबासाठी काढते. तो सुकवतात आणि खेळाडूंना वाटतात. चांगला खेळाडू दुसऱ्या गावाहूनही आणतात. सध्याचा गोलकीपर नदीम बोर्ली पंचतनचा आहे. हंगामभर तो मास्तरांच्या ओटीवर राहतो आणि जाताना त्याच्या आईसाठी वर्षभराची सुकी मासळी, जवळा आणि सोडे, घेऊन जातो. "आमच्या बोर्लीत याला नोकरी म्हणतात," तो म्हणाला. "फक्त इथला साहेब समुद्र, तो ओला असतो."

सामना दर पौर्णिमेला आणि दर अवसेला. त्या दिवशी होड्या दुपारच्या भरतीबरोबर खाडीत आत येतात, खेळाडू उतरतात, जेवतात, आणि सुकती (ओहोटी) लागली की मैदान उघडतं. मधल्या खुंटाचा पाय उघडा पडला की मास्तर शिटी वाजवतात. सामन्याची वेळ घड्याळात कुठेच लिहिलेली नसते. घरचे प्रेक्षक खालच्या ओल्या पायऱ्यांवर बसतात, पाहुण्या संघाच्या माणसांना वरच्या कोरड्या. हा नियम कोणी मोडत नाही.

मी ऐकत होते, लिहीत होते, आणि पिशवीतलं पत्र कधी काढू असं झालं होतं. शेवटी काढलं. मास्तरांनी चष्मा लावून मोठ्यानं वाचलं. 'बुधवार, दुपारी बारा.' मग ते थांबले. चष्मा काढून पुसला.

"मास्तर, काय झालं?"

काशीबायनं हातातला बोंबील खाली ठेवला. "बुधवारी अवस हाय," ती म्हणाली. "बाराला पानी हितं असेल." आणि तिनं चौथ्या पायरीवर बोट ठेवलं.

मला अजूनही कळलं नव्हतं. मास्तरांनी शाळेतल्यासारखं समजावलं. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ निघते. पौर्णिमा आणि अवस म्हणजे पंधरा, पाऊणपट सव्वाअकरा. त्यानंतर तास-पाऊण तासात पाणी गच्च भरतं. सहा तासांनी पूर्ण उतरतं. म्हणजे उधाणाच्या दिवशी भर दुपारी इथं पाणीच असणार. नेहमीच. माघी पौर्णिमेला साहेबांना जे दिसलं, तेच त्यांना बुधवारी दिसणार होतं. फरक एवढाच, की या वेळी तशी मागणी लोकांनी लेखी केली होती. लोक म्हणजे मी.

"बेटी," मास्तर म्हणाले, "तुम्ही एकदा फोन करायला हवा होता."

दुसरं कोणी असतं तर शिव्या घातल्या असत्या. काशीबायनं घातल्या नाहीत, हे मला जास्त लागलं. ती फक्त म्हणाली, "कंपनीला आमी पुरे पडलो असतो गो. तू कशाला तिच्या मदतीला आयलीस?"

मंगळवारी सकाळी पहिल्या गाडीनं अलिबाग गाठलं. वेळ बदला, बाराऐवजी चार करा, एवढंच मागायचं होतं. टेबलापलीकडच्या कारकुनानं फाईल उघडली, माझाच अर्ज माझ्यापुढे फिरवला.

"लोकांच्या मागणीवरून वेळ दिलीय, मॅडम."

"मागणी माझीच होती. चुकली."

"इथं तर 'भर दुपारी बारा वाजता' लिहिलंय. खाली रेघ पण मारलीय."

रेघ मी मारली होती. लाल पेनानं. "आता वेळ बदलायची तर नवीन अर्ज, नवीन तारीख. तोवर आधीची पाहणी कायम धरतील," तो म्हणाला. तो काही दुष्ट माणूस नव्हता. त्यानं मला पाणी दिलं आणि सांगितलं, साहेब वेळेचे पक्के आहेत, लिहिलंय तसंच येतील. रस्त्यानं, जीपनं.

हे मी परत येऊन पडल्या चेहऱ्यानं सांगितलं. काशीबाय बोंबील गोळा करत होती. ती थबकली.

"लाँचनं न्हाय? रस्त्यानं येनार?"

"हो. तसंच लिहिलं होतं मी अर्जात."

तिनं मास्तरांकडे बघितलं. मास्तरांनी तिच्याकडे बघितलं. मग मास्तरांनी फोन काढला आणि कार्यालयाला अदबीनं कळवलं, की साहेबांना विनंती, अकराच्या आत पोचावं, नंतर रस्ता बरा नसतो. यात एक शब्दही खोटा नव्हता.

"अजून एक विनंती," फोन ठेवून ते मला म्हणाले. "उद्या तुम्ही भाषण करू नका."

बुधवारी साहेब पावणेअकराला आले. तेच ते, लाँचमधले. चाळिशीचे, सभ्य, छत्री घेतलेले. पाणी तेव्हाच दुसऱ्या पायरीवर चढलं होतं. खाडीतून होड्या आत येत होत्या आणि बायका टोपल्या घेऊन धावत होत्या. साहेबांनी घड्याळ बघितलं आणि बारा वाजेपर्यंत उभे राहिले, एवढे पक्के. बारा वाजले तेव्हा चौथी पायरी भिजली होती. समोर नुसतं पाणी, त्यावर ऊन. त्यांनी फॉर्म काढला.

मला राहवलं नाही. "साहेब, हे अर्धसत्य आहे."

"मी पाहिलं तेच लिहितो," ते शांतपणे म्हणाले. "तेव्हाही तेच केलं. तुम्हीच सांगा, मी काय पाहतोय?"

मी समोर बघितलं. पाणी दिसत होतं. त्यांनी वेळ लिहिली, बारा वाजून पाच मिनिटं, आणि पुढचं लिहिणार तेवढ्यात त्यांचा ड्रायव्हर चालत आला. पँट गुडघ्यापर्यंत दुमडलेली, चपला हातात.

"साहेब, रस्ता गेला."

"गेला म्हणजे?"

"पाण्यात गेला. जीप निघत नाही. लोक म्हणतात अडीचपर्यंत थांबा."

साहेबांनी मास्तरांकडे बघितलं. मास्तर म्हणाले, "मी फोन केला होता." साहेब म्हणाले, "केला होता खरा." मग काशीबाय पुढे झाली. "पावन्याला जेवल्याबिगर हितून सोडत न्हाय. हारलेल्या संघाला पन न्हाय. बसा." तिनं त्यांना सातव्या पायरीवर बसवलं, जिथं पाहुणा संघ बसतो.

जेवण काय सांगू. तांदळाची भाकरी, तिसऱ्यांचं सुकं, ताज्या बोंबलाचं कालवण. तिसऱ्या (खाडीच्या वाळूत सापडणारे शिंपले) मी आधी कधी खाल्ल्या नव्हत्या, आणि एक शिंपला तसाच चावला. दाताचा आवाज साहेबांपर्यंत गेला. ते हसले आणि त्यांनी शिंपल्यातून मांस कसं काढायचं ते मला दाखवलं. त्यांचं आजोळ म्हसळ्याकडचं, हे तेव्हा कळलं. फॉर्म अर्धा भरलेला, त्यांच्या गुडघ्याखाली दाबलेला होता. मी सारखी तिकडेच बघत होते.

अडीचला ड्रायव्हर परत आला. रस्ता मोकळा झाला होता. साहेब उठले, हात धुतले, छत्री घेतली. मैदानाचा अजून एक हातसुद्धा उघडा पडला नव्हता. मी काशीबायला हळूच म्हटलं, "थांबवा ना त्यांना." ती म्हणाली, "न्हाय. थांबवला तर तो कागदावर 'गावानं अडवलं' तेच लिवेल."

साहेब जीपपाशी पोचले, आणि त्याच मोकळ्या रस्त्यानं रेवदंड्याचा टेम्पो आला. त्यातून पाहुणा संघ उतरला, पंधरा-सोळा जण. ते सरळ पायऱ्यांवर येऊन बसले आणि बूट बांधायला लागले. खालच्या बाजूला आमचे लोक बसून बूट बांधत होते. नदीम हातमोजे चढवत होता. समोर कंबरभर पाणी होतं आणि दोन संघ त्या पाण्याकडे तोंड करून नाड्या आवळत होते.

साहेब परत फिरले. रेवदंड्याच्या कॅप्टनजवळ येऊन त्यांनी विचारलं, "कुठं खेळणार?"

"हितंच की."

"इथं पाणी आहे."

"हाय ना," तो नाडीची गाठ मारत म्हणाला. "अजून."

साहेबांनी जीपकडे बघितलं, मग त्या बुटांकडे. मग ते सातव्या पायरीवर जाऊन बसले.

सव्वातीनला पहिला गोलखुंट दिसला. मग पाणी बघता बघता मागे सरकलं. खेळाडूंनी खांद्यावरून खांब आणले आणि खुंटांवर चढवले. काथ्याचा दोर ताणून त्याच्या कडेनं चुलीची राख टाकत दोन पोरी धावल्या, आणि रेघा उमटल्या. चारला पाच मिनिटं कमी असताना मधल्या खुंटाचा पाय उघडा पडला. मास्तर वाकले, बोटानं वाळू चाचपली आणि त्यांनी शिटी वाजवली. मी घड्याळ बघितलं नाही. साहेबांनी बघितलं.

सामना कसा झाला हे सांगत बसत नाही. सुकती क्लब एका गोलनं हरला. नदीमनं दोन अडवले आणि तिसरा पायांमधून सोडला. त्यावर काशीबाय ओल्या पायरीवरून ओरडली, "पायात टोपली बांध रे, पगार घेतोस ना." साहेब मोठ्यानं हसले. उत्तरार्धात चेंडू त्यांच्याकडे आला तेव्हा त्यांनी बुटासकट उठून लाथ मारली. "बूट काढा," शंभर माणसं एकदम म्हणाली. त्यांनी काढले, पँट दुमडली, आणि वाळूवर उतरून या टोकापासून त्या टोकापर्यंत चालत गेले. पावलं मोजत.

सामना संपल्यावर त्यांनी फॉर्म पुरा केला. मी शेजारी उभी राहून वाचलं. 'दुपारी १२.०५ वाजता जागा पाण्याखाली. दुपारी ३.५५ वाजता त्याच जागी मैदान. सामना पाहिला.' वेळेचा रकाना एकच असतो, म्हणून दुसरी वेळ त्यांनी समासात लिहिली होती.

"म्हणजे झालं ना आता?" मी विचारलं.

"नाही," ते म्हणाले. "समासातल्या ओळीवर निर्णय फिरत नाही. पुढच्या उधाणाला रीतसर पंचनामा लागेल. दोन्ही वेळांचा. पाच पंच हवेत, आणि गावातले चालणार नाहीत. जिल्ह्याबाहेरचे, ज्यांचा या जागेशी संबंध नाही असे."

"मी आहे."

"तुम्ही अर्जदार आहात." मग जीपमध्ये बसता बसता ते म्हणाले, "आणि या वेळी वेळ नीट लिहा."

या वेळचा अर्ज काशीबायनं सांगितला आणि मी लिहून घेतला. लाल रेघ मारली नाही. गुरुवारी सकाळी मांडव्याला बोटीत बसले. या खेपेला पोटात लाटा नव्हत्या. मागे वळून बघितलं तर धक्क्याच्या पायऱ्यांवरची ओली रेघ दिसली, आणि पाणी कितव्या पायरीवर आलं होतं ते आपोआप वाचलं गेलं. वहीतली 'रस्त्याची दुरवस्था, निवेदन द्यावे' ही ओळ मी खोडून टाकली. तो रस्ता तसाच राहू दे. पत्रक लिहिणं मी सोडणार नाही, पण ज्यांच्यासाठी लिहायचं त्यांना आधी फोन करीन.

पौर्णिमेला बारा वाजता पाहणी करणारं कार्यालय चुकलं, आणि अवसेला बारा वाजता पाहणी मागणारी मीही चुकले. आमच्यातल्या कोणीही तिथल्या माणसाला एक साधा प्रश्न विचारला नव्हता, की मैदान कधी असतं? त्याचं उत्तर आता मला माहीत आहे आणि तुम्हालाही.

म्हणून आता तुमच्याकडे मागते. मला सहानुभूती नको, वाचून छान वाटलं म्हणून कळवूही नका. मला अकोल्यातली पाच माणसं पंच म्हणून हवी आहेत. तुमच्यापैकी पाच. चैत्री पौर्णिमेला सांदेवाडीला या, अकराच्या आत, नंतर रस्ता बरा नसतो. बाराला पाणी बघा, जेवा, बूट काढून ठेवा आणि चारपर्यंत उठू नका. मग जे पाहिलंत त्याखाली सही करा. येणार असाल तर आजच नाव कळवा.